गोळीच्या आधी आणि गोळीच्या नंतर

(नाहूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय काय, असं संयोजकांनी विचारलं तेव्हा मी ‘जंत’ म्हणालो. फोनच्या पलीकडे जरा शांतता झाली. मग प्रश्न आला, ‘म्हणजे प्रतीकात्मक ना?’ नाही. पोटातलेच जंत, आणि त्यांच्यावरची गोळी. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते पालिकेच्या शाळेत शिकवत. वर्गात पेंगणारा मुलगा आळशी की अशक्त, हा प्रश्न त्यांना रोज पडत असणार. त्यामुळे त्यांच्या नावाने चालणाऱ्या मालेत हा विषय परका नाही.

मी औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे उभा राहणारा माणूस. माझं म्हणणं एवढंच आहे की जंताची गोळी अतिशय चांगली आहे, स्वस्त आहे आणि सुरक्षितही आहे. पण तिची सुरक्षितता वेष्टनात बांधून येत नाही. कोणाला, किती, कशी आणि कशासाठी दिली, यावर ती ठरते. आणि गोळीचं काम जिथे संपतं, तिथून आपलं सुरू होतं.

सुरुवात आपल्या भूगोलापासून करू. नाहूर स्टेशन २००६ साली सुरू झालं, पण नाहूर गाव त्याच्या कितीतरी आधीचं. आपल्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, भांडुपचं जलशुद्धीकरण संकुल आहे. वैतरणा-तानसाच्या धरणांतलं पाणी तिथे गाळलं जातं आणि मुंबईच्या नळांना जातं. पूर्वेला, हमरस्ता ओलांडून खाडीकडे गेलात की सांडपाण्याची तळी लागतात, भांडुप विभागाचं मैलापाणी तिथे जातं. म्हणजे शहराच्या तोंडात जाणारं पाणी एका बाजूला, शहराच्या पोटातून आलेलं दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये आपण. जंतांची सगळी गोष्ट या दोन पाण्यांची आहे. ती वेगळी राहिली तर जंत उपाशी मरतो. कुठे फुटक्या पाइपात, कुठे उघड्या नाल्यात, कुठे न धुतलेल्या हातावर ती एकत्र आली, की त्याचं फावतं.

गोल जंत घ्या. वीतभर किंवा त्याहून थोडा लांब, गांडुळासारखा. त्याची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. हा आकडा ऐकून लोक घाबरतात, पण ती अंडी पोटात फुटत नाहीत. ती शौचावाटे बाहेर पडावी लागतात, ओलसर मातीत दोन ते चार आठवडे मुरावी लागतात, आणि मग भाजीवरून, नखातून, पाण्यातून पुन्हा कुणाच्या तरी तोंडात जावी लागतात. आत गेल्यावर अळी आतड्यात बाहेर येते, रक्तातून यकृतात, तिथून फुप्फुसात, तिथून श्वासनलिकेतून घशाशी येते. मूल ती गिळतं आणि ती पुन्हा आतड्यात पोचते. या सगळ्या प्रवासानंतर, साधारण दोन-तीन महिन्यांनी, ती मोठी होऊन अंडी घालू लागते. अर्थ साधा आहे: पोटात वीस जंत असतील, तर निदान वीस अंडी बाहेरून आत गेलेली आहेत.

अंकुशकृमीची तऱ्हा वेगळी. त्याची अळी ओल्या मातीत वाट बघत असते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. आतड्याला चिकटून तो रक्त पितो. एक कृमी दिवसाला अगदी थोडं रक्त घेतो, पण पन्नास-शंभर कृमी महिनोन्‌महिने पीत राहिले की हिशेब मोठा होतो. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळलं. याचं खापर एकट्या जंतांवर फोडता येणार नाही. आहारात लोह कमी, वारंवार तापजुलाब, आईच मुळात रक्तक्षयी, अशी अनेक कारणं आहेत. पण गळक्या बादलीत पाणी भरताना आधी भोक बघावं लागतं.

आता गल्ल्यावर ऐकू येणाऱ्या दोन समजुती. ‘रात्री दात खातो, म्हणजे जंत झालेत.’ दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध ठामपणे कुणी दाखवलेला नाही. ‘गोड खाऊन जंत झाले.’ गोडाने दात किडतात, जंत होत नाहीत. जंत अंड्यातून होतो. खूण धरायची ती निराळी: गुदद्वाराशी रात्री खाज सुटणं, शौचात जंत दिसणं, सतत पोट दुखणं, चेहरा पांढुरका पडणं. आणि पुष्कळदा काहीच लक्षण नसतं. म्हणूनच सरकार तपासणीची वाट न बघता सगळ्या मुलांना गोळी देतं.

या गोळीच्या आधी काय होतं, हे सांगितल्याशिवाय तिची किंमत कळणार नाही. आपल्याकडे वावडिंग, डिकेमाली आणि वर एरंडेल. पण जगाच्या जंतचिकित्सेत आपल्या मिसळणाच्या डब्याने केलेली कामगिरी फारशी कुणाला ठाऊक नाही. ओव्याच्या तेलातून थायमॉल निघतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंकुशकृमीवरचं ते मुख्य औषध होतं. १९०९ ते १९१४ या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात रॉकफेलरच्या पैशाने अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम झाली, तिथे हेच थायमॉल वापरलं गेलं. भारताचा ओवा जर्मनीला जाई, तिथे त्याचं थायमॉल बने. पहिल्या महायुद्धाने ही वाट अडवली, थायमॉलचे भाव कडाडले आणि चंदनबटव्याच्या जातीतल्या एका रोपाचं तेल त्याच्या जागी आलं. त्या तेलाचा डोस जरा वाढला तरी माणूस दगावायचा.

थायमॉलही सरळ नव्हतं. आदल्या दिवशी जुलाब, मग औषध, मग पुन्हा जुलाब. आणि सक्त ताकीद: त्या दिवशी तेल, तूप, दारू वर्ज्य. कारण त्यांच्यासोबत थायमॉल रक्तात उतरे आणि जंताऐवजी माणसाला विष होई. औषध आतड्यात राहावं, अंगात भिनू नये, ही जंताच्या औषधाची जुनी कसोटी आहे. त्या कसोटीला नीट उतरणारं औषध मिळायला १९७० चं दशक उजाडावं लागलं.

आपल्या गोळीतलं औषध म्हणजे अल्बेंडाझोल. त्याचा जन्म जनावरांसाठी झाला. १९७२ साली एका औषध कंपनीच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत ते सापडलं, आधी मेंढ्यांना दिलं गेलं आणि १९८२ च्या सुमाराला माणसांसाठी आलं. ते जंताच्या पेशींतली सूक्ष्म नळ्यांची बांधणी मोडतं. मग जंताला साखर शोषता येत नाही आणि तो उपासमारीने मरतो. हे तासाभरात होत नाही, काही दिवस लागतात. म्हणून ‘गोळी दिली, पण काही पडलं नाही’ यावरून गोळी वाया गेली असं ठरत नाही. मेलेला जंत पुष्कळदा न दिसताही जातो. औषध आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून एका डोसाने माणसाला सहसा त्रास होत नाही. उपाशी राहायला नको, जुलाब घ्यायला नको. उलट पोटाबाहेरच्या, यकृतातल्या गाठींसाठी डॉक्टर हेच औषध आठवडेच्या आठवडे देतात, तेव्हा ते मुद्दाम तुपातेलाच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगतात, म्हणजे ते रक्तात जास्त उतरतं. तेच औषध, पण वापर वेगळा म्हणून रीतही वेगळी.

डोस सांगतो, लिहून घ्या. एक वर्षाखालच्या बाळाला नाही. एक ते दोन वर्षं, अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम. दोन वर्षांपुढे सगळ्यांना एक गोळी, ४०० मिलिग्रॅम. दहा वर्षांच्या मुलाला तेवढीच आणि मलाही तेवढीच. पुष्कळांना हे चमत्कारिक वाटतं. पण हे औषध आतड्यातल्या जंतापर्यंत पोचवायचं असतं, मुलाच्या वजनावर ते फारसं अवलंबून नसतं.

यावरून दुकानातला नेहमीचा प्रसंग. एक बाई येतात. ‘जंताची एक बाटली द्या. तिघं आहेत, चमचा-चमचा देते.’ बाटली दहा मिलिलिटरची. तिच्यात मिळून औषध ४०० मिलिग्रॅम, म्हणजे एका मुलाचा पूर्ण डोस. तिघांत वाटली की कुणालाच पुरत नाही. जंत अर्धमेला होतो आणि आईला मात्र वाटतं, काम झालं. मी त्यांना सांगतो, ‘ताई, तीन बाटल्या न्या, नाहीतर तीन गोळ्या न्या, गोळी आणखी स्वस्त पडेल.’ काही जणींना वाटतं, दुकानदार माल खपवतोय. मग मी बाटलीवरची बारीक अक्षरं त्यांच्याच मुलाला वाचायला लावतो.

गोळी द्यायची कशी? चावून खायची, वर पाणी. तीन वर्षांखालच्या मुलाला दोन चमच्यांमध्ये चुरून, पाण्यात कालवून. हा भाग बारीक वाटतो, पण सगळ्यात मोठा धोका इथे आहे. २००७ साली इथिओपियात जंतनाशक मोहिमेत तीन वर्षांखालची चार मुलं गोळी घशात अडकून गेली. औषध निर्दोष होतं, देण्याची घाई जिवावर बेतली. म्हणून रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून, डोकं मागे धरून गोळी कधीही कोंबायची नाही. रडतंय? थांबा. दहा मिनिटांनी द्या, उद्या द्या.

कोणाला आज नको? ज्याला ताप आहे, जो आजारी आहे, त्याला बरं झाल्यावर. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नाही. त्यानंतरही डॉक्टरांना विचारूनच. ज्याला फिट येते किंवा पूर्वी आली होती, त्याच्या पालकांनी आधी सांगायचं. डुकराच्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर त्याच्या अळ्या मेंदूत जाऊन गाठी करतात, आणि औषधाने त्या मरू लागल्या की सूज येऊन झटका येऊ शकतो. या अंड्यांसाठी मांस खावं लागत नाही. ती कृमी असलेल्या माणसाच्या हातावरून, सांडपाण्याच्या भाजीवरून येतात, त्यामुळे शाकाहारी घरातही हा आजार दिसतो. ज्याला फिटची किंवा इतर काही औषधं चालू आहेत, त्याने ती चिठ्ठी सोबत आणावी. औषधं एकमेकांचा जोर कमी-जास्त करतात.

गोळीनंतर थोडं मळमळणं, पोटात कळ, एखादी उलटी, सैल शौच, हे होऊ शकतं. ज्याच्या पोटात जंत जास्त त्याला जास्त. सावलीत बसवावं, पाणी द्यावं, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. अंगावर गांधी, श्वासाला त्रास, सतत उलट्या किंवा झटका आला तर मात्र थेट रुग्णालय.

आणखी दोन गोष्टी. रात्री खाज आणणाऱ्या बारीक कृमींची अंडी काही तासांतच संसर्गाला तयार होतात, म्हणून एका मुलाला गोळी देऊन उपयोग नसतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी, दोन आठवड्यांनी पुन्हा, आणि त्या दिवशी चादरी-चड्ड्या गरम पाण्यात. दुसरं, गोळीला सगळे जंत सारखे बधत नाहीत. गोल जंत बहुतेक जातात, अंकुशकृमीही बरेच, पण चाबूककृमीवर एका गोळीची मात्रा पुष्कळदा चालत नाही. आणि फुप्फुसातून प्रवास करत असलेल्या कोवळ्या अळ्यांना ती गाठतच नाही. म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा.

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना अंगणवाडीत, शाळेत गोळी मिळते आणि ज्यांची चुकली त्यांच्यासाठी काही दिवसांनी पुन्हा एक दिवस असतो. ही गोळी शिक्षकांनी आपल्यासमोर खायला लावायची, घरी द्यायची नाही, हा नियम आहे. पालकांना तो जाच वाटतो, पण कुणी किती खाल्ली हे तेव्हाच कळतं.

आणि आता गोवंडी. १० ऑगस्ट २०१८. बैंगणवाडीतल्या पालिका शाळेतली बारा वर्षांची एक मुलगी दगावली. त्याच आठवड्यात शाळेत लोहाच्या गोळ्या वाटल्या होत्या. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि आईबाप मुलांना काखेला मारून राजावाडी आणि शताब्दी रुग्णालयांत धावले. शेकडो मुलं. कुणाचं डोकं दुखत होतं, कुणाला मळमळत होतं, बरीच मुलं नुसती भेदरलेली होती. पुढे शवविच्छेदनातून मुलीच्या मृत्यूचं कारण क्षयरोग असल्याचं समोर आलं. ते ऐकेपर्यंत गोळीचं नाव खराब झालेलं होतं. ती गोळी लोहाची होती की जंताची, हा फरक गल्लीत कुणी करत नाही; ‘शाळेतली गोळी’ एवढंच लक्षात राहतं.

त्या पालकांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आपल्या मुलाला आज कसली गोळी दिली, का दिली, काय होऊ शकतं, हे आदल्या दिवशी साध्या मराठीत, उर्दूत, हिंदीत सांगितलेलं असेल तर आई दुसऱ्या दिवशी पोटदुखीला घाबरत नाही. आणि बारा वर्षांची एक मुलगी शाळेत येत-जात असताना तिचा क्षय कुणाच्या लक्षात आला नाही, ही त्या दिवसाची खरी बातमी होती. अफवेच्या गोंगाटात तीच दबून गेली.

भीती एका टोकाला, तर अतिविश्वास दुसऱ्या टोकाला. मे २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट भरात असताना, गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन द्यायचं. हे औषध जंतांचं. त्याच्या शोधासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं आणि नदीकाठच्या अंधत्वापासून त्याने असंख्य माणसं वाचवली. हत्तीरोगाविरुद्ध नागपूर जिल्ह्यात २०१९ पासून ते अल्बेंडाझोल आणि डीईसी या औषधांच्या जोडीने दिलं गेलं, ते ठरलेल्या मात्रेत आणि आरोग्यसेवकासमोर. पण करोनाला ते रोखतं याला पुरावा नव्हता, आणि जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हाच तसं सांगितलं. तरी दुकानांतून पट्ट्याच्या पट्ट्या गेल्या. अलीकडे कुत्र्यामेंढ्यांची जंतनाशकं कर्करोगावर चालतात, असले निरोप मोबाइलवर फिरतात. मी हात जोडून सांगतो, जनावराचं औषध माणसाने घेऊ नये. त्यातली मात्रा वेगळी, त्यात मिसळलेले पदार्थ वेगळे. एका दिवसाच्या एका गोळीला जे औषध सोसतं, ते महिनाभर रोज घेतलं तर यकृत आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोक्यात येतात. म्हणून लांब उपचारात डॉक्टर मधूनमधून रक्त तपासतात.

इथे विरोधी बाजूही मांडतो. केनियात मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी शाळांतून जंताची गोळी दिल्यावर मुलांची गैरहजेरी घटल्याचं दाखवलं. क्रेमर यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं, अर्थात ते त्यांच्या एकूण प्रयोगपद्धतीसाठी. दुसरीकडे, उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांवर झालेल्या अभ्यासात दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊनही बालमृत्यूत ठळक फरक पडला नाही. सर्व चाचण्या एकत्र मांडणाऱ्या समीक्षांनाही सरसकट वाटपातून वजन किंवा हिमोग्लोबिन फारसं वाढल्याचं दिसलं नाही. याचा अर्थ गोळी फोल आहे असा नाही. ज्याच्या पोटात जंत आहेत त्याला ती सहसा उपयोगी. पण गोळी वाटली म्हणजे कुपोषण हटलं, असा जमाखर्च कुणी दाखवला तर त्याला हिशेब विचारा.

चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींवर तीन पायऱ्यांचा उपाय सांगितला आहे. कृमी ओढून बाहेर काढणं, ते ज्यावर पोसतात ती परिस्थिती मोडणं, आणि मूळ कारण टाळणं. आपली गोळी पहिली पायरी झपाट्याने चढते. उरलेल्या दोन पायऱ्यांचं काय? आपल्याच महाराष्ट्राने नारू पाहिला आहे. पायातून दोराएवढा जंत हळूहळू काडीवर गुंडाळून काढायची पाळी येई. नारूवर औषधच नव्हतं. पाणी फडक्याने गाळलं, पायऱ्यांच्या विहिरींत उतरणं बंद केलं, हातपंप बसवले, आणि देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात नोंदला गेला. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. ज्या जंतावर गोळी नव्हती तो गेला. ज्यांच्यावर आहे ते अजून नांदताहेत, कारण गोळी मिळाल्यावर आपण पुढचं सोडून दिलं.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात स्वस्त संडास आणि मैल्याचं खत यांवर हयात खर्ची घातली. बरोबरीच्या माणसांनी नाकं मुरडली, पण जंतांच्या दृष्टीने ते कोणत्याही गोळीपेक्षा मोठं काम होतं. मैला नीट मुरला की त्यातली अंडी मरतात. कच्चा शेतात गेला की ती ताटात येतात.

आणि ताटाचं म्हणाल तर लोकलच्या खिडकीतून पाहा. रुळांच्या कडेच्या रेल्वेच्या जमिनीवर वर्षानुवर्षं पालक, लाल माठ, भेंडी पिकत आली. ‘अधिक धान्य पिकवा’ या धोरणातून ती जमीन कसायला दिली गेली. पाणी मात्र बऱ्याच ठिकाणी शेजारच्या नाल्याचं. पिकवणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे, त्याला दोष देऊन भागणार नाही, त्याला बरं पाणी द्यायला हवं. पण स्वयंपाकघरात एवढं कराच: पालेभाजी पान-पान सुटी करून तीन पाण्यांनी धुवा आणि शिजवा. कच्ची कोथिंबीर, मुळा, कोबी यांच्यावर विशेष लक्ष. या अंड्यांना क्लोरिनचंही भय नसतं. पाण्याच्या केंद्रात ती गाळण्याने आणि तळाशी बसवण्याने अडतात. उष्णतेपुढे मात्र त्यांचं काही चालत नाही.

तर उद्यापासून काय? शाळेचा पुढचा जंतनाशक दिन येईल तेव्हा पालकांनी तीन प्रश्न विचारावेत: गोळी कोणती, मुदत कधीची, आणि मुलाला त्रास झाला तर कुणाला फोन करायचा? उत्तर नीट मिळालं की मुलाला बिनघोर पाठवा. शिक्षकांनी आदल्या दिवशी वर्गात पाच मिनिटं बोलावं. दुकानदारांनी बाटली देताना वय विचारावं. आणि चौथा प्रश्न आपण सगळ्यांनी मिळून वॉर्ड ऑफिसला विचारायचा आहे: आमच्या शाळेच्या संडासात पाणी आणि साबण आहे का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं एका दिवसाची आहेत. चौथ्याचं उत्तर ‘हो’ येईपर्यंत दर सहा महिन्यांनी गोळी घ्यावीच लागेल, आणि दर सहा महिन्यांनी हा प्रश्नही विचारावा लागेल.